भुशाची गोण

जिन्याखालची भुशाची गोण जागेवर नाही म्हटल्यावर प्रीतम तिथूनच ओरडला, "गोण कुठे गेली?"

"सरूमावशी घेऊन गेली," पॉलिशवाली आशा म्हणाली. "तीनला तिची सुट्टी झाली तेव्हा. तुम्हीच बोललात ना तिला, घेऊन जा म्हणून?"

बोलला होता खरा. सकाळी भांडी उजळायला आणलेल्या नव्या पेरॉक्साइडचा कॅन कलंडला आणि फरशीभर पाणीच पाणी झालं. दिसायला पाणीच ते, ना रंग ना वास. स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. इथे काहीही सांडलं की भुसा मारायचा आणि झाडून घ्यायचं, ही जुनी रीत. प्रीतम सुपरवायझर, पण त्यानेही झाडूवाल्या सरूबाईला तेच करायला लावलं; तिने भुसा हातांनीच गोणीत भरला. वर दिलदारी अशी की, "मावशी, घरी न्या, शेगडीला होईल!"

आणि आत्ता चारच्या चहाला त्याने कॅनसोबत आलेला कागद वाचला. सांडल्यास भरपूर पाण्याने धुवा. भुसा, चिंध्या, कागद वापरू नका, काही वेळाने आपोआप पेट घेतात. हेच सगळं परवा पेरॉक्साइड कंपनीचा माणूस तासभर घसा फोडून सांगत होता. तेव्हा हे शहाणे मागे उभे राहून मोबाईलवर रील बघत होते.

त्याने सरूबाईला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. कुणी उचलेना.

प्रीतमने स्कूटर काढली. भाईंदर पूर्वेहून पश्चिमेला मोरव्यात सरूबाईच्या घरी जायचं म्हणजे आधी रेल्वेवरचा पूल ओलांडायचा, आणि पुलावर तर गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. सरूबाईचं घर, सून, आजूबाजूची दाटीने उभी घरं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. देवा, एवढी वेळ निभावून ने. आणि माणसाचं मन बघा, इतक्या धास्तीतही त्याने एक थाप जुळवून ठेवली : कारखान्याचे मालक अल्पेशशेठ यांनी गोण परत मागवली म्हणायचं. आपल्या अंगावर काही यायला नको.

सरूबाईच्या घरामागे पत्र्याची न्हाणी होती. तिथे सून दिव्या शेगडीवर आंघोळीचं पाणी तापवत बसली होती. गोण शेगडीला खेटूनच.

"ओला हाय ना भुसा," ती म्हणाली, "म्हनून वालत ठेवला."

प्रीतमने गोणीला हात लावला. शेगडीकडची बाजू गरम, ते समजण्यासारखं होतं. पण पलीकडची बाजू त्याहून गरम होती. बांधलेल्या तोंडातून धुराची बारीक रेघ निघत होती.

"बाजूला हो!" तो ओरडला. गोण फरफटत अंगणात नेली, उपडी केली आणि पिंपातलं पाणी बादलीबादलीने ओतत सुटला. भुसा चरचरला, वाफाळला. पाच बादल्या झाल्या तरी त्याला धीर येईना. त्याने आणखी दोन ओतल्या.

"आरं मेल्या!" सरूबाई घरातून धावत आली. "चांगला भुसा भिजवलास की रं!"

"शेठनी परत मागवलाय," प्रीतम धापा टाकत म्हणाला.

"मागवला नि पान्यात घातला? येरा हाय का तुजा शेठ?"

कुंपणापलीकडच्या बायका हसल्या. प्रीतमही हसला. घर उभं होतं, माणसं धडधाकट होती. सुटलो बाबा, असं वाटून त्याने खिशातून चावी काढली.

"जा बाबा," सरूबाई म्हणाली. "पुढच्या टायमाला सांडला ना, तर मी तितंच उन्हान पसरून वालवीन नि मंगच आनीन. यका गोनीच्या दोन करीन, शेजारच्या जिजाबाईला पन देईन. मंग तरी न्हाय ना मागनार शेठ?"

प्रीतमच्या हातात चावी तशीच राहिली. मग तो ओट्यावर बसला.

"मावशी, बसा जरा. शेठनी काही मागवलं नव्हतं. सकाळी सांडलं ते पाणी नव्हतं, औषध होतं. त्याच्यावर भुसा टाकला की पेटतो. घर गेलं असतं तुमचं. मला सांगितलं होतं कंपनीवाल्यांनी, मी ऐकलं नाही, आणि तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे."

बायकांचं हसू थांबलं. आता सरूबाईची शिवी येणार म्हणून त्याने मान खाली घातली.

शिवी आली नाही. तिने दोन्ही हात त्याच्यापुढे केले. तळवे आणि बोटांची टोकं चुना फासल्यासारखी पांढरीफटक पडली होती.

"सकालधरनं चुरचुरतंय," ती हळूच म्हणाली. "ह्यो पन त्याचाच का रं?"