मागचा पट्टा

उज्ज्वला सांगून सांगून थकली होती. नवरा, सोमनाथ, सीटबेल्ट पाठीमागून घेऊन अडकवायचा, म्हणजे गाडीची टुंगटुंग बंद. वर चार वर्षांच्या वैष्णवीला मांडीवर घेऊन तिच्या हातात स्टेअरिंग द्यायचा.

"पोरीला मागं माझ्यापाशी द्या. पट्टा लावती तिला."

"माजलगाव काय लई लांब हाय का? कावून डोकं खाती?"

ती चडफडत मागं बसली. शेजारच्या रिकाम्या जागेवरचा पट्टा आजही लावलेला होता.

"ह्यो रोज कोण लावतं?"

"मला काय म्हाईत?"

रागारागानं तिनं तो सोडला. गाव मागं पडेपर्यंत पट्टा परत लागलेला होता. लहान लेकराच्या छातीवरून जावा तसा, सीटपासून उचललेला. तिनं हात लावला. पट्टा कोमट होता आणि हळूहळू वर-खाली होत होता.

पुढं वैष्णवी खदखदून हसली. तसा पट्टाही हलला.

"अहो, गाडी थांबवा!"

"आता काय झालं तुझं?"

समोर रस्ता मोकळा होता. सोमनाथचा पाय ब्रेककडं गेलाही नव्हता. तरी मागचा तो रिकामा पट्टा, गाडी कशावर तरी आदळल्यावर आवळावा तसा, खाडकन आवळला.