बिनजखमेचा हणमंत

"गोळी गुडघ्याला लागली होती. पाठदुखी वयाची आहे," मेडिकल बोर्डाचे कर्नल म्हणाले.

अपंगत्वाच्या पेन्शनच्या अपिलातही तेच ऐकून सुभेदार हणमंत निकमांनी काठी आपटली. "लंगडून लंगडून पाठ गेली, साहेब. खोटं वाटत असेल तर माझ्या जुळ्याला बोलवा."

भरतीच्या दिवशी प्रत्येक जवानाचा एक जुळा संगणकात उतरवतात. तोही म्हातारा होतो, तेवढंच राबतो. फक्त त्याला लढाई माहीत नसते. पडद्यावर दुसरा हणमंत उभा राहिला. टक्कल तेच, पोटही तसूभर कमी नाही.

"जरा मांडी घालून बसा हो," निकमांची बायको शालन त्याला म्हणाली.

तो बसला, आणि हात न टेकता, पाठ न चोळता ताडकन उठला.

"अगं बाई! हाच बरा आहे की. बदलून मिळेल का?"

कर्नलांना हसू आवरेना. "वय दोघांचं एकच. म्हणजे हा सगळा फरक गोळीचा. अपील मंजूर! पाठही धरा."

तेवढ्यात जुळ्याने टाचा जुळवून निकमांना कडक सलाम ठोकला.

"बघितलंस?" काठी बगलेत मारून निकम शालनला म्हणाले, "तुझा तो बरा हणमंत अजून रंगरूटच आहे!"