हक्काचा फोन

"सिस्टर, हा फोन काही आज बंद पडलेला नाही," स्टुलावर चढलेला फोन दुरुस्तीवाला म्हणाला. "वायर भिंतीच्या आतच कापली गेलीय. रंगकाम कधी केलं होतं तुम्ही?"

"मागच्या उन्हाळ्यात."

"मग तेव्हापासून मेलाय हा."

सिस्टरांनी फोनकडे पाहिलं. मनोरुग्णांच्या वॉर्डात पेशंटसाठी हा एवढा एकच फोन. त्याच्यावर ठळक अक्षरांत पाटी: घरच्यांशी बोलणं हा रुग्णाचा हक्क आहे. उद्या तपासणीला माणसं येणार म्हणून सकाळी पाटी पुसून झाली, फोन पुसून झाला, आणि लोंबणारी वायर जरा नीट करून घ्यावी म्हणून या माणसाला बोलावलं. एरवी त्या फोनला स्टाफपैकी कोण कशाला हात लावतंय? ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल.

त्यांना एकेक चेहरा आठवायला लागला. रिसीव्हर कानाला लावून नुसतेच उभे राहणारे, मग खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडणारे. "उचलत नाहीत का? कामात असतील हो," असं सिस्टरांनीच कितीतरी जणांना समजावलं होतं. समजूत घालण्यात त्यांचा हातखंडा. आज त्या हातखंड्याची त्यांना शरम वाटली.

आणि मग आठवल्या त्या शिवणाचं दुकान असलेल्या टेलरबाई.

टेलरबाई रोज दुपारच्या चहानंतर भावाला फोन करायच्या. फोन चालू असताना कुणीतरी जवळ थांबायचं असा नियम होता, म्हणून सिस्टर दाराशी उभ्या राहायच्या. खरं सांगायचं तर त्यांना ते ऐकायला आवडायचं. "दादा, दुकानाच्या कुलपात तेल घाल. आणि गिऱ्हाइकाच्या कापडाला वहिनीला हात लावू देऊ नकोस. तिच्या हाती कात्री म्हणजे माकडाच्या हाती कोलीत." मध्येच थांबायच्या, ऐकायच्या, खुदकन हसायच्या. "बरं बरं, पुरे तुझं शहाणपण." भरती झाल्या तेव्हा या बाई नुसत्या धुमसत असायच्या, अंगाला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आणि आता हे असं मोकळं बोलणं. राउंडला आलेल्या डॉक्टरांना सिस्टरांनीच सांगितलं होतं, "भावाशी इतकं छान बोलतात, सर. आता त्यांना घरी पाठवायला हरकत नाही." सिस्टरांच्या शब्दावर डॉक्टरांनी होकार दिला. ऑफिसने भावाला कळवलं. तो आज संध्याकाळी न्यायला येणार होता.

आणि पलीकडे कुणी नव्हतंच. इतके महिने बाई भिंतीशी बोलत होत्या. भिंतीचं ऐकून हसत होत्या. म्हणजे दुखणं कमी झालं कुठे, ते आत मुरत गेलं होतं, आणि आपण बाईंना परत कात्र्या-सुयांच्या दुकानात धाडायला निघालो. डिस्चार्ज थांबवायलाच हवा. पण डॉक्टरांच्या कानावर घालण्याआधी बाईंना एकदा विचारावं, असं सिस्टरांच्या मनाने घेतलं. त्या तडक वॉर्डात गेल्या.

टेलरबाई खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कडेला कडा जुळवलेल्या, इस्त्री केल्यासारख्या घड्या.

"ताई, बसू का जरा?"

"बसा की. खाट काय माझ्या बापाची आहे?"

सिस्टरांना हसू आलं नाही. "काल भावाशी बोललात ना. काय म्हणत होता तो?"

टेलरबाईंचा हात घडीवरच राहिला. त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. मग दारातून बाहेर पाहिलं. दुरुस्तीवाला भिंत खरवडत होता, गिलाव्याचे तुकडे खाली पडत होते. टेलरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"आज मला सोडणार आहात ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "दादा निघाला असेल घरून. मला घरी जायचंय हो, सिस्टर."

"ताई, आधी खरं सांगा. त्या फोनमधून तुम्हाला आवाज यायचा?"

टेलरबाईंनी हातातली घडी पिशवीत ठेवली.

"छे. साधी खरखरसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग आम्हाला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ताई, तसं तुम्हाला वाटतंय, फोन चांगला आहे. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. तिसऱ्या दिवशी ओरडून सांगितलं, तेव्हा चौघींनी दाबून धरलंत आणि सुई टोचलीत."

सिस्टरांना आठवलं. धरणाऱ्या चौघींत त्याही होत्या. डावा हात त्यांनीच धरला होता.

"मग?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मग काय. फोन बंद आहे असं म्हणत होते, तोवर तुमच्या लेखी मी वेडी होते," टेलरबाई म्हणाल्या. "बंद फोनवर बोलायला लागले, तेव्हा तुम्ही म्हणालात, आता ताई सुधारल्या."