भरलेले सेल

मीटरवर आकडा आला चार पूर्णांक दोन व्होल्ट. सासूबाईंनी चष्मा पुसला, सेलची टोकं पुसली आणि मीटरच्या सुया पुन्हा टेकवल्या. चार पूर्णांक दोनच. दुसरा सेलही तेवढाच, काठोकाठ भरलेला.

पाण्याखालच्या दिव्याचे हे दोन सेल त्यांनी सोमवारी स्वतःच्या हाताने चार्जरवर लावून निम्मेच भरले होते. सव्वीस वर्षं मीटर दुरुस्तीच्या वर्कशॉपात काढलेली बाई ती. सेल विकत घ्यायला जाताना घरचा वजनकाटा पिशवीत टाकून न्यायच्या आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत एकेक सेल तोलायच्या. वेष्टनावर कितीही मोठा आकडा छापलेला असो, हलका भरला की "हा खेळण्यात घाला" म्हणून परत. न वापरता पडून राहणारे सेल पूर्ण भरले तर लवकर म्हातारे होतात, हे त्यांनी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं की मुलगा जेवताना कानांवर हात ठेवायचा.

आणि हे सेल पडूनच राहायचे होते. सून पाण्याखालची कामं करायची. पाइपात अडकलेल्या कामावरच्या जोडीदाराला तिने ओढून बाहेर काढलं, तेव्हापासून घरात ठरलं होतं की पाइपात शिरायचं नाही. या महिन्यात नुसते धक्क्याचे खांब घासायचेत, तेही भर उन्हात, दिव्याला हातसुद्धा लागणार नाही, असं तिनेच सांगितलं होतं.

ओला सूट गॅलरीत टांगून सून आत आली.

"आज दिवा लागला का गं?"

"नाही आई. उन्हातलंच काम."

"मग हे सेल भरले कसे?"

सुनेने केस पुसायचे थांबवले. "उतरलेले दिसले तर तुम्ही ओळखाल, म्हणून ऑफिसात भरून आणले."

"चोराच्या मनात चांदणं. मी निम्मेच भरून दिले होते."

सून खुर्चीवर बसली. "निम्मे?"

"पडून राहायचेत म्हणालीस ना."

"तरीच."

"तरीच काय?"

"दिवा मध्येच गेला, आई. पाइपात."

"आणि जोडीला असतो तो लहान दिवा?"

"वर राहिला. मोठा तुम्ही दिलेला म्हणजे भरलेलाच, असं धरून गेले."

"मग बाहेर कशी आलीस?"

"दोरी चाचपत."

सासूबाईंना राग आला, पण त्याच्या आधी भीती आली.  खोटं सुनेचं होतं, पण निम्मे सेल त्यांनी स्वतः दिले होते. ज्या शहाणपणाचा आयुष्यभर तोरा मिरवला, त्यानेच आज पोरीचा घात केला असता.

"उद्या परत जायचंय?"

"काम अर्धं राहिलंय." मग सुनेने मान वर केली. "आणि मला ते काम येतं, आई. आवडतं. तुम्ही म्हणाल तर नाही जात."

सासूबाईंनी जाऊ नकोस म्हटलं असतं, तर सून 'बरं' म्हणाली असती आणि परवा गेली असती. आणि सेल पुन्हा निम्मेच असते.

त्यांनी लहान दिवा उघडला, त्यातले सेल काढून चार्जरवर लावले. झाकणाची रबरी रिंग बोटावर फिरवून पाहिली, तिला ग्रीसचं बोट लावलं.

"नवऱ्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ," त्या रिंगकडे बघतच म्हणाल्या. "माझ्याशी मात्र खोटं बोलायचं नाही. मला सेल भरायचे असतात."

सुनेने मान डोलावली.

"उद्या किती वेळ आत आहेस?"

"चाळीस मिनिटं."

"नुसती जायला, की परत यायला धरून?"

 तिने ओला टॉवेल मांडीवर घट्ट धरला.

"परत यायला धरून, आई."