जास्वंदीचं पाणी

"संडासात? आमच्या घरात ते गटाराचं पाणी?" फणसळकर काकू सोसायटीच्या सभेत उठून उभ्याच राहिल्या.

मी सोसायटीचा सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट चालवतो. काचेच्या पेल्यात ते पाणी घेऊन सगळ्यांना दाखवलं. ना रंग, ना वास. नुसतं फ्लशला वापरलं तरी रोजचे दोन टँकर वाचतील, मेंटेनन्स कमी होईल, असं समजावलं. तरी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मग माझं डोकंच फिरलं.

"काकू, तुम्ही रोज सकाळी बागेतली जास्वंद आकडीनं ओढून देवाला नेता ना? ती तीन वर्षं याच पाण्यावर फुलतेय. तुमच्या आमटीतला कढीपत्तासुद्धा."

सगळ्यांचे रुमाल खाली आले. मला वाटलं, पटलं. कुठलं काय! पाच मिनिटांत ठराव झाला: उद्यापासून बागेलाही टँकरचंच पाणी. तो खर्च निघावा म्हणून तळमजल्यावरचा कामवाल्यांचा नळ बंद. त्याला कुलूप मीच लावायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आकडी घेऊन जास्वंदीखाली हजर. "टँकरचंच पाणी घातलंस ना रे झाडांना?"

"घातलं." मी नळाच्या कुलपाची किल्ली त्यांच्या फुलांच्या परडीत टाकली. "देवाची सोय झाली. आता तुमच्याच घरची भांडी घासून कलावती प्यायला पाणी भरायला आलीय. तिला 'पाणी नाही' असं तुम्हीच सांगा."