पावणेचारची पंगत

नववी 'ब'च्या वर्गात गणिताच्या तासाला मुलं खळखळून हसली आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या महावीर सरांच्या पोटात दुखायला लागलं. दुखणं डॉक्टरला दाखवण्याजोगं नव्हतं. याच वर्गात त्यांनी तेहतीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांच्या तासाला हसू आलंच तर पोरं बाकाखाली वाकून, रुमाल तोंडात कोंबून हसायची. ही तर उघड हसत होती. आणि फळ्यापाशी उभी होती सरांचीच बायको. अक्काताई. सातवी पास.

शनिवारचा 'व्यवहारातलं गणित' हा तास मुख्याध्यापिका संयोगिता मॅडमनी नव्यानं सुरू केला होता. त्यांचा फोन आला तेव्हा बोलणं पुरं व्हायच्या आत निवृत्त सरांनी होकार देऊन टाकला. मग कळलं, बोलावणं वहिनींना आहे. इस्त्री केलेला कोट वाया जाऊ नये म्हणून ते सोबत आले होते. ऑफिसात अक्काताईंना चहा कपबशीतून मिळाला. सरांना कागदी कपातून.

"तर साखरपुडा हाय," अक्काताई सांगत होत्या. भावकीतल्या कुठल्याही कार्याचा स्वयंपाक त्यांच्या देखरेखीशिवाय होत नसे. "माणसं तीनशे. एका पंगतीला साठ. जेवायला पंचवीस मिनिटं. पत्रावळ्या काढून दुसरी पंगत मांडायला पाच. आमच्या जैनांत दिवस बुडायच्या आत जेवण आटपायला लागतंय, आणि दिवस बुडतोय सहा दहाला. मग पहिली पंगत किती वाजता बसवायची?"

"आणि उशीर झाला तर, काकू?" यशराज नावाच्या पोरानं विचारलं.

"तर नवरदेवाचा मामा रुसतोय."

पुन्हा हशा. सरांनी खिशातली डायरी काढून नोंद केली : 'समजा' म्हटलं नाही. सूत्र लिहिलं नाही.

"तीन चाळीस!" अर्धा वर्ग एकदम ओरडला. पंगती पाच, प्रत्येकीला अर्धा तास, अडीच तास झाले.

"शाबास रे माझ्या वाघांनो! मीबी तीन चाळीसच धरते."

सर ताडकन उठले. या क्षणाची ते पाऊण तास वाट बघत होते.

"चूक! साफ चूक!"

"मग या की, सर, फळ्यावर," अक्काताई म्हणाल्या आणि खडू पुढं केला. घरी त्या 'अहो' म्हणत.

"शेवटची पंगत उठल्यावर पुन्हा मांडामांड कशाला?" सरांचा आवाज जुन्या जागी जाऊन बसला. "पंगती पाच, पण मधली अंतरं चार. पाच मिनिटं जास्तीची धरली. उत्तर, तीन पंचेचाळीस." त्यांनी आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"काकूंचं चुकलं की," पहिल्या बाकावरची तेजस्वी पुटपुटली. सरांना ते शब्द बासुंदीसारखे लागले.

"व्हय की," अक्काताई म्हणाल्या. "माझं गणित कच्चंच. पर सर, एवढं एक सांगा. वाढणारी कवा जेवणार?"

"कोण वाढणारी?"

"वाढपी. चुलीवरच्या बायका. पत्रावळ्या काढणारी. वीस-पंचवीस जणं असत्यात."

"ती तीनशेत नाहीत. उदाहरणात दिलेलीच नाहीत."

"न्हाईतच की. कुठल्याच उदाहरणात नसत्यात. पर भूक लागती त्यांना."

यशराज वहीत आकडे मांडत होता. "म्हणजे सहावी पंगत. मांडायला पाच, जेवायला पंचवीस. सहा चाळीसला उठतील."

"आणि दिवस?"

"सहा दहालाच बुडला."

वर्ग गप्प झाला. ही शांतता सरांच्या ओळखीची होती, पण आज ती त्यांनी केलेली नव्हती.

"मग त्या कधी जेवतात, काकू?" तेजस्वीनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी," अक्काताई म्हणाल्या, एसटीची वेळ सांगावी तशा. "माझ्या नणंदेच्या साखरपुड्यापासनं आमची हीच येळ हाय."

सरांना धाकट्या बहिणीचा साखरपुडा आठवला. जिलेबी फार चांगली झाली होती.

"आणि ती पाच मिनिटं, सर," अक्काताई त्यांच्याकडं वळल्या, "जास्तीची न्हवती ती. तीन चाळीसला बसवलं की शेवटची पंगत सहा पाचला उठती. तेवढ्यात आम्ही पाणी पिऊन घेतो. दिवस बुडाल्यावर पाणीबी न्हाय."

सरांनी डस्टर उचलला आणि पंचेचाळीसवर ठेवला.

"सर," मागून तेजस्वीचा आवाज आला. त्यात खोच नव्हती, नुसती शंका होती. "तुम्ही कितव्या पंगतीला बसता?"

तेहतीस वर्षांत या वर्गात सरांची तोंडी परीक्षा कुणी घेतली नव्हती. 'पहिल्या' असं काहीतरी ते म्हणाले असावेत. नीट ऐकू आलं नाही, कारण तोंड फळ्याकडं होतं. डस्टर एकाच जागी फिरत राहिला. आकडा कधीच पुसून गेला होता.