मे महिन्याची यादी

यादीतलं सातवं नाव गोदाबाईंचं होतं. सुलभाने ते सकाळीच वाचलं होतं, तरी शनवारा वस्तीतली आधीची सहा घरं तिने क्रमानेच केली. मे महिन्यात गेलेल्यांपैकी ऊन लागून किती गेले, एवढंच शोधायचं होतं.

"ताई, या घरी मी विचारते ना," सोबत आलेली आरोग्य विभागाची रुपाली दारातच म्हणाली.

"वॉर्ड माझा आहे. तू लिही."

सुलभा या वॉर्डाची आशा कार्यकर्ती. गोदाबाई तिच्या सासूबाई. आत पत्र्याच्या खोलीत सासरे, वामनराव, खाटेवर बसले होते. सुनेच्या हातातला कागद पाहून त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, परक्या माणसासमोर लावावं तसं.

"नाना, त्या दिवशी लाईट होती?"

"सकाळपासून नव्हती. कूलर बंद पडेल होता."

"घाम येत होता त्यांना?"

"नाही. अंग कोरडं ठाक. काय-बी बोलत होती. मला भाऊ म्हणे."

"जवळ कोण होतं?"

"मीच. तू दवाखान्यात होती ना, लोकांना ओआरएस वाटत."

रुपालीने मान वर केली नाही. सुलभाने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. तिचा आवाज सहा घरांत होता तसाच होता.

"अंग थंड करायला काही केलं?"

वामनरावांनी दाराबाहेर चौकाकडे हात केला.

"बर्फ आणायला गेलो होतो. चौकातला संपेल होता, म्हणून स्टेशनपर्यंत गेलो. लादी घेऊन आलो, तर ती गेलेली."

सुलभाचं बोट ओळीवरच राहिलं. तो बर्फ त्यांनी मयतीसाठी आणला, असंच ती आजवर धरून चालली होती. त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

"वापरला का तो?" तिने विचारलं. कागदावर पुढे तेच होतं.

"वापरला ना, बेटा. आपला पोरगा विनायक सुरतहून येईपर्यंत तिच्या आजूबाजूला तोच तर लावला."

वर पत्रा उन्हाने तडकत होता. रुपालीने पेन कागदाजवळ नेलं आणि थांबवलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हो लिहू, का नाही?"